डेबियन १२, फक्त टर्मिनल: बाहेरची डिस्क माउंट होते पण लिहिता येत नाही, आणि डिस्क नसली की मशीनच सुरू होत नाही

स्कॅनखोली (प्रश्न)

मशीनवर डेबियन १२ आहे, डेस्कटॉप बसवलेला नाही, सगळं काम एसएसएचवरून (दुसऱ्या मशीनवरच्या टर्मिनलमधून) चालतं. रॅम ८ जीबी, रूट पार्टिशन ११० जीबी. जुन्या कागदपत्रांचे स्कॅन यावर साठतात आणि फाइलनावं मराठीत आहेत. रोज रात्री २ वाजता आरसिंक (फाइलींच्या प्रती काढणारी कमांड) त्यांचा बॅकअप २ टीबीच्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर घेतो. ही डिस्क एनटीएफएस आहे, कारण अधूनमधून ती विंडोजच्या मशीनला लावावी लागते. शिवाय लोक पेनड्राइव्ह आणतात, त्यावर स्कॅनच्या प्रती द्यायच्या असतात. ३२ जीबीचे बहुतेक फॅट३२ असतात, ६४ जीबीचे एक्सफॅट.

अडचणी अशा. डिस्क कधी एसडीबी म्हणून येते, कधी एसडीसी म्हणून. पेनड्राइव्ह माउंट होतो (म्हणजे एका फोल्डरला जोडला जातो), पण फाइल टाकायला गेलं की "परमिशन डिनाइड". मोठ्या डिस्कवर मात्र संदेश वेगळा येतो: "रीड-ओन्ली फाइल सिस्टीम". एफएसटॅबमध्ये (सुरू होताना काय माउंट करायचं ते सांगणारी फाइल) खालची ओळ टाकली आणि डिस्क न लावता मशीन रीबूट केलं, तर ते इमर्जन्सी मोडमध्ये अडकलं आणि एसएसएच बंद:

/डेव्ह/एसडीबी१ /एमएनटी/बॅकअप एनटीएफएस डिफॉल्ट्स ० ०

पेनड्राइव्ह काढताना बऱ्याचदा "टार्गेट इज बिझी" येतं. आणि एलएस केलं की मराठी नावांच्या जागी ३४०, २४४ असे आकडे दिसतात.

(कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. उत्तरंही तशीच दिलीत तर चालेल, टर्मिनलमध्ये मूळ अक्षरं टाइप करेन.)

काळीखिडकी

आधी डिस्क ओळखण्याचं बघू. एसडीबी, एसडीसी ही नावं त्या डिस्कची नाहीत. कर्नलला ज्या क्रमाने उपकरणं सापडतात त्या क्रमाने ती वाटली जातात. पेनड्राइव्ह आधीपासून लावलेला असेल तर मोठी डिस्क पुढच्या अक्षरावर जाते. म्हणून डिस्क लावली की दरवेळी आधी हे:

एलएसबीएलके -ओ नेम,साइझ,एफएसटाइप,लेबल,यूयूआयडी,मॉडेल,ट्रॅन,माउंटपॉइंट

ट्रॅनच्या रकान्यात यूएसबी दिसेल ती बाहेरची. साइझ आणि मॉडेल जुळतंय ना ते बघा. यूयूआयडी म्हणजे पार्टिशनचा स्वतःचा ओळखक्रमांक, त्याच्या लांबीवरूनही फाइल सिस्टीम कळते. फॅट३२ आणि एक्सफॅटला मधे रेघ असलेली ८ अक्षरं, एनटीएफएसला सलग १६, आणि ईएक्सटी४ला रेघांसकट ३६. पार्टिशन पुन्हा फॉरमॅट केलं की यूयूआयडी बदलतो. डीडीने एका डिस्कची हुबेहूब प्रत काढली तर दोन्हींचा यूयूआयडी एकच राहतो, तेव्हा त्या दोन्ही एकाच वेळी लावू नका.

यादीत काहीच दिसत नसेल तर "सुडो डीमेसग -डब्ल्यू" (कर्नलचे संदेश दाखवते) चालू ठेवून डिस्क लावा. तिथे एक ओळही उमटली नाही तर केबल, पोर्ट किंवा वीज यांत दोष आहे आणि माउंटच्या कमांडने काही होणार नाही.

माउंट करायचं ते पार्टिशन. एसडीबी ही अख्खी डिस्क, एसडीबी१ हे तिच्यावरचं पहिलं पार्टिशन. आकडा विसरला तर "राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक" असा लांबलचक संदेश येतो आणि डिस्क खराब झाली असं वाटून लोक घाबरतात. काही पेनड्राइव्हवर पार्टिशन तक्ता नसतोच, फाइल सिस्टीम थेट एसडीबीवर असते. एलएसबीएलकेमध्ये एफएसटाइप ज्या ओळीसमोर दिसतो ती ओळ माउंट करायची, इतकं लक्षात ठेवा.

आता तुमचे दोन संदेश. त्यांची कारणं वेगळी आहेत आणि इलाजही वेगळे, त्यामुळे एकत्र विचार करू नका.

"परमिशन डिनाइड" हा मालकीचा प्रश्न आहे. फॅट३२ आणि एक्सफॅटवर फाइलचा मालक नोंदवायला जागाच नसते. मग माउंट करताना सगळ्या फाइली कोणाच्या मानायच्या हे लिनक्स ठरवतं. सुडोने माउंट केलं आणि काही सांगितलं नाही तर मालक रूट. म्हणून मालक सांगायचा:

सुडो माउंट -ओ यूआयडी=१०००,जीआयडी=१०००,एफमास्क=१३३,डीमास्क=०२२ /डेव्ह/एसडीसी१ /एमएनटी/पेन

तुमचा आकडा १०००च आहे का ते "आयडी -यू"ने तपासा. एफमास्क १३३ दिलं की फाइलींवरचा "चालवता येईल" हा शिक्का निघतो आणि सगळ्या पीडीएफ हिरव्या दिसायच्या थांबतात. माउंट झाल्यावर सीएचमॉड किंवा सीएचओन करून मालकी बदलणार नाही, यूमाउंट करून नव्याने माउंट करावं लागतं. ईएक्सटी४ला उलटं आहे. तिथे मालक डिस्कवरच नोंदलेला असतो, यूआयडी= दिलं तर माउंटच होत नाही (पुन्हा तोच "बॅड ऑप्शन"वाला संदेश), आणि माउंट झाल्यावर सीएचओन करायचं असतं.

"रीड-ओन्ली फाइल सिस्टीम" म्हणजे फाइल सिस्टीमच फक्त वाचण्यासाठी लागली आहे. इथे यूआयडी बदलून किंवा सुडो लावून उपयोग नाही. एनटीएफएसच्या बाबतीत पहिला संशय विंडोजच्या फास्ट स्टार्टअपवर घ्या. विंडोज ८पासून "शट डाउन" म्हणजे पूर्ण बंद होणं राहिलेलं नाही. कर्नल निद्रावस्थेत जातो आणि तेव्हा जोडलेल्या डिस्कची काही माहिती त्याच्या कॅशमध्येच राहते. ती डिस्क लिनक्सला लावली की एनटीएफएस-३जी (लिनक्सचा एनटीएफएस ड्रायव्हर) "मेटाडेटा केप्ट इन विंडोज कॅश" असं सांगतो आणि धोका टाळायला फक्त वाचण्यापुरती माउंट करतो. त्याचा हा नकार योग्यच आहे, बळजबरी करू नका.

इलाज विंडोजवर करायचा. डिस्क तिथे लावा, ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि:

पॉवरसीएफजी /एच ऑफ
सीएचकेडीएसके ई: /एफ

(ई: च्या जागी तुमच्या डिस्कचं अक्षर.) मग "सेफली रिमूव्ह" करून काढा. पहिल्या कमांडने हायबरनेशनच बंद होतं. ते नको असेल तर निदान डिस्क काढण्यापूर्वी शिफ्ट दाबून शट डाउन करा.

नेटवर "एनटीएफएसफिक्स चालवा" असा सल्ला सर्रास दिसतो. तो सीएचकेडीएसकेचा पर्याय नाही. तो काही मोजक्या चुका दुरुस्त करतो, जर्नल रिकामं करतो आणि पुढच्या वेळी विंडोजने तपासणी करावी अशी खूण ठेवतो. विंडोज हाताशी असताना तो वापरू नये. आणि "रिमूव्ह_हायबरफाइल" हा पर्याय तर विंडोजचं जतन केलेलं सत्रच पुसतो.

विंडोजचा संबंध नसताना, चालू कामातच डिस्क रीड-ओन्ली झाली तर डीमेसग बघा. "आय/ओ एरर" असेल तर कर्नलने चुका पाहून हात आखडता घेतलाय. अशा वेळी स्मार्टमॉनटूल्स बसवून

सुडो स्मार्टसीटीएल -ए -डी सॅट /डेव्ह/एसडीबी

चालवा आणि ५ व १९७ क्रमांकाच्या (खराब झालेल्या आणि संशयित सेक्टरांच्या) ओळी वाचा. शेवटच्या रकान्यात शून्यापेक्षा मोठा आणि वाढत जाणारा आकडा दिसला तर दुरुस्तीच्या नादाला न लागता आधी डेटा दुसरीकडे हलवा.

दोनप्रती

एफएसटॅबबद्दल. तुमची ओळ दोन ठिकाणी चुकते. एक तर एसडीबी१ लिहिलंय. दुसरं, त्या ओळीचा अर्थ "ही डिस्क असल्याशिवाय मशीन पूर्ण सुरू झालं असं मानू नकोस" असा होतो. सिस्टीमडी (मशीन सुरू करणारी यंत्रणा) ९० सेकंद वाट बघतो आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये नेतो. तिथे रूटचा पासवर्ड मागितला जातो. डेबियन बसवताना रूटचा पासवर्ड कोरा ठेवला असेल तर रूटचं खातं कुलूपबंद असतं, म्हणजे तिथूनही आत जाता येत नाही. यातून सुटायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे डिस्क लावून रीबूट करणं. डिस्क हाताशी नसेल तर ग्रबच्या (मशीन सुरू होताना दिसणाऱ्या) यादीत "ई" दाबा, लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी "इनिट=/बिन/बॅश" जोडा, कंट्रोल-एक्स दाबा. मग

माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /

करून एफएसटॅबमधली ओळ दुरुस्त करा.

ओळ अशी हवी:

यूयूआयडी=तुमचा-१६-अक्षरी-आकडा /एमएनटी/बॅकअप एनटीएफएस-३जी यूआयडी=१०००,जीआयडी=१०००,विंडोज_नेम्स,नोफेल,एक्स-सिस्टीमडी.डिव्हाइस-टाइमआउट=१०एस ० ०

"नोफेल" म्हणजे डिस्क नसली तरी अडू नकोस, पुढे जा. पर्यायांच्या मधे स्वल्पविरामानंतर जागा सोडू नका. एक जागा सुटली की पुढचं सगळं वेगळा रकाना धरलं जातं. फाइल जतन केल्यावर लगेच रीबूट करू नका. आधी

सुडो फाइंडएमएनटी --व्हेरिफाय
सुडो सिस्टीमसीटीएल डीमन-रीलोड
सुडो माउंट -ए

हे तिन्ही बिनतक्रार गेले तरच रीबूट.

"विंडोज_नेम्स" मुद्दाम घातलंय. लिनक्सवरून एनटीएफएसवर कोलन किंवा प्रश्नचिन्ह असलेलं नाव सहज तयार होतं, पण ती फाइल विंडोजमध्ये उघडत नाही. "७:१२ उतारा" असं नाव हमखास सापडेल. हा पर्याय असला की असं नाव तयार होतानाच अडतं आणि चूक त्याच रात्री नोंदवहीत दिसते.

कर्नलमध्ये ५.१५पासून एनटीएफएस३ नावाचा दुसरा ड्रायव्हरही आहे आणि डेबियन १२च्या ६.१ कर्नलवर तो वापरता येतो. वेगाने चांगला आहे. मात्र डिस्क विंडोजमधून अर्धवट निघाली असेल तर तो "डर्टी" म्हणून माउंटच नाकारतो, आणि लोक "फोर्स" देऊन मोकळे होतात. बॅकअपच्या डिस्कवर एनटीएफएस-३जीचा सावधपणा बरा.

स्कॅनखोली

विंडोजवर तपासणी केली, आता डिस्कवर लिहिता येतंय. पेनड्राइव्हचंही सुटलं. "नोफेल"मुळे डिस्क नसतानाही मशीन सुरू होतं.

पण नवी गोष्ट दिसतेय. चार रात्री डिस्क लावलेली नव्हती. आता आरसिंक "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस" म्हणतो. डीएफनुसार रूट पार्टिशन १०० टक्के भरलंय. "सुडो डीयू -एक्सएसएच /" मात्र फक्त ३१ जीबी दाखवतो. उरलेली जागा कुठे गेली? बॅकअपची डिस्क सध्या जोडलेली आहे आणि तिच्यावर १ टीबीहून जास्त जागा रिकामी आहे.

दोनप्रती

हे माझ्या उत्तरात पहिल्याच वेळी यायला हवं होतं, कारण "नोफेल" लावल्यावर हा धोका आपोआपच उभा राहतो.

/एमएनटी/बॅकअप हे मुळात रूट पार्टिशनवरचं एक साधं रिकामं फोल्डर आहे. डिस्क माउंट झाली की ती त्या फोल्डरवर झाकणासारखी बसते. डिस्क नसली तरी फोल्डर असतंच. आरसिंकला फरक कळत नाही. त्या चार रात्री त्याने बॅकअप रूट पार्टिशनवरच ओतला. नंतर डिस्क माउंट झाली आणि त्या फाइली तिच्याखाली झाकल्या गेल्या. डीएफ ब्लॉक मोजतो म्हणून त्याला त्या दिसतात. डीयू फोल्डरांतून फिरतो, त्याला झाकणाखालचं दिसत नाही.

डिस्क न काढता झाकणाखाली बघता येतं:

सुडो एमकेडिर /एमएनटी/मूळ
सुडो माउंट --बाइंड / /एमएनटी/मूळ
सुडो डीयू -एसएच /एमएनटी/मूळ/एमएनटी/बॅकअप

साध्या बाइंडमध्ये वरची माउंट सोबत येत नाहीत, म्हणून तळ उघडा पडतो. इथे ७५-८० जीबी सापडायला हवेत. पुसण्यापूर्वी "फाइंडएमएनटी /एमएनटी/बॅकअप" आणि "एलएस" करून आपण खरोखर झाकणाखालच्या फोल्डरमध्ये आहोत याची खात्री करा. आरएमच्या कमांडमधला मार्ग "/एमएनटी/मूळ/"नेच सुरू झाला पाहिजे. साफ झालं की /एमएनटी/मूळ यूमाउंट करा.

पुन्हा असं होऊ नये म्हणून दोन कड्या लावा. पहिली फोल्डरलाच. डिस्क यूमाउंट करून, फोल्डर रिकामं असताना:

सुडो चॅटर +आय /एमएनटी/बॅकअप

यानंतर डिस्क नसताना रूटलाही त्या फोल्डरमध्ये फाइल टाकता येत नाही, आरसिंक लगेच चूक दाखवून थांबतो. त्याच्यावर डिस्क माउंट करायला मात्र काही अडचण येत नाही, आणि माउंट झालेल्या डिस्कवर या बंदीचा परिणाम होत नाही. हे "लसॅटर -डी"ने तपासता येतं.

दुसरी कडी स्क्रिप्टमध्ये. बरेच जण "माउंटपॉइंट -क्यू /एमएनटी/बॅकअप || एक्झिट १" लिहितात. साध्या एफएसटॅब ओळीसाठी ते पुरतं. मात्र पुढे कधी "एक्स-सिस्टीमडी.ऑटोमाउंट" लावलंत तर तो तपास निरुपयोगी होतो, कारण तेव्हा डिस्क नसतानाही त्या जागी ऑटोएफएसचं माउंट बसलेलं असतं आणि उत्तर कायम "हो" येतं. म्हणून डिस्कवर एक खुणेची फाइल ठेवा, उदाहरणार्थ "ही-बॅकअपची-डिस्क", आणि ती दिसली तरच पुढे:

टेस्ट -एफ /एमएनटी/बॅकअप/ही-बॅकअपची-डिस्क || एक्झिट १

आरसिंकला "--डिलीट" देत असाल तर ही खूण फोल्डरच्या मुळाशी ठेवा आणि बॅकअप आतल्या "स्कॅन" फोल्डरमध्ये घ्या, नाहीतर पहिल्याच रात्री आरसिंक खूण पुसेल. "--डिलीट" असताना ज्या फोल्डरचा बॅकअप घेता त्यासाठीही अशीच तपासणी हवी. मूळ फाइली दुसऱ्या डिस्कवर असतील आणि ती माउंट नसेल, तर आरसिंकला मूळ जागा रिकामी दिसते आणि तो बॅकअपही प्रामाणिकपणे रिकामा करतो. "--मॅक्स-डिलीट=२००" अशी मर्यादा घातलेली बरी.

रात्रपाळी

डिस्क काढण्याबद्दल कोणी लिहिलं नाही, आणि लोकांचा डेटा सर्वांत जास्त तिथेच जातो.

कमांड "यूमाउंट" आहे, "अनमाउंट" नाही. मधे एन नाही. "टार्गेट इज बिझी" आलं की पहिल्यांदा स्वतःचं टर्मिनल बघा. "सीडी /एमएनटी/पेन" करून तिथेच उभे राहून यूमाउंट केलं तर ते होणारच नाही. टीमक्सच्या दुसऱ्या खिडकीतलं शेलही धरलं जातं. "सीडी" करून घरी या आणि पुन्हा प्रयत्न करा. तरी अडलं तर:

सुडो फ्यूझर -व्हीएम /एमएनटी/पेन

(डेबियनच्या किमान बसवणीत हे नसेल तर पीएसमिस्क पॅकेज बसवा.) कोणती प्रक्रिया, कोणाची, सगळं दिसतं. फ्यूझरला "-के" दिलं की तो त्या सगळ्या प्रक्रिया मारतो, त्यात तुमचं एसएसएचचं शेलही आलं. "यूमाउंट -एल" तर वापरूच नका. ते पेनड्राइव्ह यादीतून काढतं, पण उघड्या फाइलींचं लिहिणं मागे चालूच राहतं. पडद्यावर सगळं आटोपलेलं दिसतं आणि पेनड्राइव्ह उपसला जातो.

सीपी (कॉपीची कमांड) संपला म्हणजे फाइल पेनड्राइव्हवर पोचली असंही नाही. लिनक्स आधी रॅममध्ये घेतो आणि सवडीने लिहितो. डेबियनच्या मूळ मांडणीत उपलब्ध रॅमच्या २० टक्क्यांपर्यंत न लिहिलेला डेटा साचू शकतो. तुमच्या ८ जीबीत हे सहज दीड जीबी होईल. सेकंदाला १० एमबी लिहिणारा पेनड्राइव्ह असेल तर सीपी संपल्यावरही अडीच मिनिटं काम बाकी असतं. यूमाउंट तेवढा वेळ गप्प बसतं, अडकलेलं नसतं. दुसऱ्या टर्मिनलमध्ये बघा:

वॉच -एन१ ग्रेप -ई डर्टी: -ई राइटबॅक: /प्रॉक/मेमइन्फो

आकडे शून्याकडे उतरताना दिसतील. लोक समोर ताटकळत असतात म्हणून हा साठा मुळातच लहान ठेवायचा असेल तर /ईटीसी/सिससीटीएल.डी मध्ये एक फाइल करून:

व्हीएम.डर्टी_बॅकग्राउंड_बाइट्स=१६७७७२१६
व्हीएम.डर्टी_बाइट्स=५०३३१६४८

म्हणजे १६ आणि ४८ एमबी. मग सीपी स्वतःच पेनड्राइव्हच्या वेगाने चालतो आणि संपला की जवळपास संपलेला असतो. हे सगळ्या डिस्कना लागू होतं हे ध्यानात ठेवा, तुमच्या मशीनच्या कामाला चालेल. माउंट करताना "सिंक" पर्याय देणं हा चांगला मार्ग नाही. प्रत्येक लहान बदलाला फॅटचा तक्ता पुन्हा लिहिला जातो, वेग पार बसतो आणि पेनड्राइव्हचं आयुष्यही घटतं. फॅट३२साठी "फ्लश" हा सौम्य पर्याय आहे, एक्सफॅटला तो चालत नाही.

फिरत्या तबकडीची मोठी डिस्क असेल तर यूमाउंटनंतर तिची मोटरही थांबवा:

यूडिस्क्ससीटीएल पॉवर-ऑफ -बी /डेव्ह/एसडीबी

इथे आकड्याशिवाय, अख्खी डिस्क. यूडिस्क्स२ बसवलेलं नसेल तर:

एको १ | सुडो टी /सिस/ब्लॉक/एसडीबी/डिव्हाइस/डिलीट

आवाज बंद झाला की केबल काढा.

पेनड्राइव्हवर प्रती देताना आरसिंक वापरत असाल तर "-ए" नको, "-आरटी" द्या आणि सोबत "--मॉडिफाय-विंडो=१". "-ए" मालकी जतन करायला जातो, फॅटवर ती ठेवायला जागा नाही, आणि रूट म्हणून चालवलं तर प्रत्येक फाइलमागे सीएचओनची तक्रार येऊन शेवटी चूक क्रमांक २३ मिळतो. फॅटवर वेळेची नोंद २ सेकंदांच्या टप्प्याने होते, म्हणून ती खिडकी. आणि फॅट३२वर एक फाइल ४ जीबीपेक्षा एक बाइट कमी, इतकीच मोठी होऊ शकते. मोठी पीडीएफ किंवा झिप नेमकी तिथे अडते.

अक्षरजुळणी

मराठी नावांबद्दल. ३४० २४४ दिसतंय म्हणजे फाइलनाव शाबूत आहे. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह ३ बाइटचं असतं. अष्टमान पद्धतीत त्यातला पहिला बाइट नेहमी ३४० आणि दुसरा २४४ किंवा २४५. तुमच्या सत्राची लोकेल (भाषा आणि अक्षरसंचाची मांडणी) "सी" असल्यामुळे एलएसला ही अक्षरं छापता येत नाहीत आणि तो बाइट आकड्यांत दाखवतो. "लोकेल" कमांड चालवून बघा. इलाज:

सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर लोकेल्स

यादीतून एमआर_आयएन यूटीएफ-८ किंवा ईएन_आयएन यूटीएफ-८ निवडा, बाहेर पडून पुन्हा एसएसएच करा. आरसिंकला लोकेलशी देणंघेणं नाही, तो बाइट जसेच्या तसे नेतो, त्यामुळे आतापर्यंतचा बॅकअप बरोबरच आहे.

आकड्यांऐवजी "????" दिसली तर प्रकरण वेगळं असतं. तेव्हा फॅटचा ड्रायव्हर नावं यूटीएफ-८मध्ये देत नसतो. "फाइंडएमएनटी -ओ टार्गेट,ऑप्शन्स"मध्ये यूटीएफ८ हा शब्द शोधा. डेबियनवर तो मुळातच असतो. उबुंटूवर हाताने माउंट केलं तर बहुधा नसतो, तिथे "-ओ यूटीएफ८" द्या. "आयओकॅरसेट=यूटीएफ८" असंही लिहिलेलं आढळेल, पण फॅटवर त्याने लहान-मोठ्या लिपीची इंग्रजी नावं वेगळी धरली जातात, म्हणून तो टाळा.

लांब नावांची अडचण अजून तुमच्यासमोर आलेली नाही, पण येईल. ईएक्सटी४वर नावाची मर्यादा २५५ बाइट आहे, म्हणजे देवनागरीची ८५ चिन्हं. त्यात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त सगळी वेगळी मोजली जातात. "ग्रामपंचायत" आपल्याला सहा अक्षरांचा शब्द वाटतो, पण त्यात ११ चिन्हं आहेत, म्हणजे ३३ बाइट. एनटीएफएस आणि एक्सफॅटवर मर्यादा २५५ चिन्हांची आहे. म्हणून विंडोजवर तयार झालेलं "ग्रामपंचायत ठराव नोंदवही..." असं ऐसपैस नाव पेनड्राइव्हवरून तुमच्या मशीनवर आणताना "फाइल नेम टू लाँग" येतं. नाव आधी लहान करायचं, दुसरा उपाय नाही.

डिस्कच्या लेबललाही हे लागू आहे. ईएक्सटी४चं लेबल १६ बाइटचं, म्हणजे देवनागरीची जेमतेम ५ चिन्हं. "बॅकअप" कसंबसं बसतं. लेबल इंग्रजीतच ठेवा.

नवखा_टर्मिनल

याच धाग्यात विचारतो. विंडोजमधल्या डब्ल्यूएसएल उबुंटूमध्ये पेनड्राइव्ह एलएसबीएलकेत दिसतच नाही. विंडोजमध्ये तो ई: म्हणून दिसतो.

काळीखिडकी

डब्ल्यूएसएल २ हे आभासी मशीन आहे, यूएसबीचे पोर्ट त्याला थेट मिळत नाहीत. विंडोजने माउंट केलेला ड्राइव्ह आत घ्यायचा:

सुडो एमकेडिर -पी /एमएनटी/ई
सुडो माउंट -टी डीआरव्हीएफएस ई: /एमएनटी/ई

काम झाल्यावर आधी इथे यूमाउंट, मग विंडोजमध्ये सेफली रिमूव्ह. "डब्ल्यूएसएल --माउंट" अख्ख्या डिस्कसाठी आहे, पेनड्राइव्ह आणि कार्ड रीडरवर चालत नाही. ईएक्सटी४चा पेनड्राइव्ह असेल तर विंडोजला तो वाचताच येत नाही, तेव्हा यूएसबीआयपीडी-विन बसवून तो पोर्टच आत द्यावा लागतो.

स्कॅनखोली

झाकणाखाली ७६ जीबी सापडले, साफ केले. चॅटर लावलं, डिस्क काढून स्क्रिप्ट चालवली, पहिल्याच ओळीला थांबली. लोकेल बदलल्यावर नावंही नीट दिसतात.

शेवटचं एक. मोठा बॅकअप चालू असताना मधेच डिस्क गायब होते आणि एसडीबीची एसडीडी होऊन परत येते. डीमेसगमध्ये "यूएएस_ईएच_अबॉर्ट_हँडलर" आणि त्याखाली "रीसेट" अशा ओळी आहेत. स्मार्टसीटीएलमध्ये ५ आणि १९७ दोन्ही शून्य.

रात्रपाळी

स्मार्टचे आकडे स्वच्छ असतील तर दोन संशयित उरतात, वीज आणि यूएएस (यूएसबी डिस्कशी बोलण्याची नवी, वेगवान पद्धत).

वीज आधी तपासा, कारण ते सोपं आहे. यूएसबी २चा पोर्ट ५०० मिलीअँपिअर देतो, यूएसबी ३चा ९००. अडीच इंची डिस्क सुरू होताना आणि सलग लिहिताना ५००च्या वर जाते. डिस्क मागच्या निळ्या पोर्टला, मूळच्या आखूड केबलने लावा. लांब एक्स्टेंशन केबल आणि वीज नसलेला हब काढून टाका. मग "एलएसयूएसबी -टी"मध्ये तिच्यासमोर ५०००एम दिसतंय का बघा. ४८०एम दिसलं तर ती अजून यूएसबी २च्या वेगाने चालतेय.

तरी तुटत असेल तर डिस्कच्या डबीतल्या चिपचं यूएएसशी जमत नाही असं धरा. "एलएसयूएसबी"मध्ये आयडीनंतर चार-चार अक्षरांची जोडी असते, ती घ्या. /ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब मध्ये लिनक्स डीफॉल्टच्या ओळीत, अवतरणचिन्हांच्या आत, आधीच्या मजकुरानंतर एक जागा सोडून जोडा:

यूएसबी-स्टोरेज.क्वर्क्स=पहिलीचार:दुसरीचार:यू

मग "सुडो अपडेट-ग्रब" आणि रीबूट. "एलएसयूएसबी -टी"मध्ये आता ड्रायव्हर यूएएसऐवजी यूएसबी-स्टोरेज दिसला पाहिजे. वेग थोडा उतरेल. रात्रीच्या बॅकअपला त्याने फरक पडत नाही, मधेच तुटण्याने पडतो. मात्र हे करण्यापूर्वी, इतक्या वेळा तुटलेली डिस्क असल्यामुळे, विंडोजवर सीएचकेडीएसके पुन्हा एकदा चालवून घ्या, आणि दुसऱ्या दिवशी आरसिंक एकदा "-सी" देऊन चालवा. तो वेळेवर विसंबून न राहता, आकार सारखा असलेल्या प्रत्येक फाइलच्या मजकुराची बेरीज (चेकसम) ताडून बघतो, त्यामुळे बॅकअपमध्ये अर्धवट लिहिली गेलेली फाइल असेल तर ती पकडली जाईल. १ टीबीच्या आसपास डेटा असेल तर काही तास लागतात, सुट्टीच्या दिवशी लावा.